खुब्याचं हाड मोडलंय, अर्धा सांधा बदलायचा की पूर्ण? आधी सांगा, आई पडायच्या आदल्या दिवशी कशी चालत होत्या

तुमचा प्रश्न सकाळी वाचला, राउंड आणि ओपीडीत दिवस गेला, म्हणून आता निवांत लिहितोय. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, की आई ६९ वर्षांच्या, राधानगरीकडचं गाव, परवा पहाटे गोठ्यात पाय घसरून पडल्या, डाव्या खुब्यात फ्रॅक्चर, आता कोल्हापुरात अ‍ॅडमिट आहेत. बीपीची गोळी चालू आहे, शुगर थोडी आहे. तिथले सर्जन म्हणतात बायपोलर करू, म्हणजे अर्धा सांधा. दुसऱ्या एका डॉक्टरांना मोबाईलवर एक्स-रेचा फोटो पाठवला तर ते म्हणाले टोटल करा, म्हणजे पूर्ण सांधा. भाऊ म्हणतोय अर्धवट काम कशाला, एकदाच पूर्ण करून टाकू, आणि मामा म्हणतायत या वयात एवढं मोठं ऑपरेशन झेपायचं नाही. आणि या सगळ्यात दोन दिवस गेलेत.

गेली बावीस वर्षं मी हेच काम करतोय, आणि जवळजवळ प्रत्येक घरात हा वाद याच शब्दांत होतो. त्यातला निम्मा घोळ 'अर्धा' या शब्दानं होतो असं मला वाटतं. अर्धा म्हटलं की माणसाला वाटतं काम अपुरं राहिलं, डॉक्टरनं पैसे वाचवायला किंवा कंटाळून मधेच सोडलं. तसं अजिबात नाही. आणि टोटल म्हणजे सगळं हाड काढून टाकतात असंही नाही. ते पुढं सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट तपासा.

एक्स-रेच्या रिपोर्टवर नक्की काय लिहिलंय ते वाचा. 'नेक ऑफ फीमर', म्हणजे मांडीच्या हाडाची खुब्याजवळची मान, असं लिहिलं असेल तर तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण 'इंटरट्रोकँटरिक' लिहिलं असेल तर फ्रॅक्चर मानेच्या खाली आहे, तिथं रक्तपुरवठा चांगला असतो, हाड जुळतं, आणि बहुतेक वेळा सांधा बदलायचा विषयच येत नाही, आत रॉड घालून, आम्ही पीएफएन म्हणतो ते, हाड धरून ठेवतात. घरच्यांना दोन्ही 'खुब्याचं फ्रॅक्चर'च वाटतं आणि शेजारच्या कुणाचं काय केलं त्यावरून चर्चा सुरू होते, शेजारणीचं फ्रॅक्चर वेगळंच असतं. आणि मानेचं असूनही हाड जागचं हललेलं नसेल, तर नुसते स्क्रू घालूनही भागतं पुष्कळदा. तुमच्याकडं दोन्ही डॉक्टर सांधा बदलायचंच म्हणतायत म्हणजे मान मोडून सरकलेली असणार, असं धरून पुढचं लिहितो.

मान सरकली की अडचण काय होते, तर मांडीच्या हाडाचा वरचा जो गोळा असतो त्याला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या त्या मानेला चिकटूनच वर जातात. मान तुटून सरकली की त्या नळ्या ताणतात, फाटतात. मग स्क्रू घालून जोडलं तरी गोळा हळूहळू मरतो, चेपतो, नाहीतर हाड जुळतच नाही. पस्तीस-चाळीशीच्या माणसात आम्ही तरीही जोडायचा प्रयत्न करतो कारण स्वतःच्या हाडासारखं दुसरं काही नाही. साठी-सत्तरीत मात्र एका ऑपरेशनला दुसरं आणि दुसऱ्याला तिसरं नको, म्हणून गोळा काढून धातूचा बसवतात. इथपर्यंत कुणाचं दुमत नसतं.

आता अर्धा आणि पूर्ण. खुबा म्हणजे गोळा आणि वाटी. गोळा मांडीच्या हाडाचा, वाटी कमरेच्या हाडातली. तुमच्या आईंची मोडलीय ती गोळ्याखालची मान, म्हणून निकामी झालाय गोळा. वाटी शाबूत आहे. अर्ध्यात आम्ही तो गोळा बाहेर काढतो, त्याचं माप घेतो, ४३ मिलिमीटर, ४५ मिलिमीटर, जे येईल ते, आणि त्याच मापाचा धातूचा गोळा मांडीच्या हाडात घातलेल्या दांडीवर बसवून परत आईंच्याच वाटीत ठेवतो. टोटलमध्ये ती वाटीसुद्धा आतून खरवडून नवीन बसवतो, बाहेर धातू आणि आत प्लास्टिकसारखं पॉलिथिलीन, आणि गोळा मग लहान असतो, ३२ किंवा ३६ मिलिमीटर असा. बायपोलर हे अर्ध्यातच येतं, त्यात मोठ्या गोळ्याच्या आत अजून एक लहान गोळा फिरतो एवढंच. पुष्कळांना वाटतं बायपोलर म्हणजे अर्धा आणि पूर्ण याच्या मधलं काहीतरी, तर तसं नाही, वाटी आईचीच राहते.

गोळा काढल्यावर मी नेहमी वाटीत बोट फिरवून बघतो. चांगली वाटी असली की आतली कूर्चा, म्हणजे हाडावरचा मऊ थर, शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखी, पांढरी, ओली, गुळगुळीत लागते. बोट घसरतं. अशी वाटी बघितली की एखाद्या म्हाताऱ्या माणसात ती खरवडून काढायला माझा तरी हात धजत नाही. आणि काही पेशंटमध्ये तीच वाटी खरखरीत, मधेमधे हाड उघडं पडलेली असते, म्हणजे पडायच्या आधीपासूनच सांध्याची झीज होती, तेव्हा अर्धा करण्यात अर्थ नसतो, तिथं टोटलच. म्हणून आईंना विचारा, पडायच्या आधी जांघेत दुखायचं का, चालताना लंगडायच्या का. गुडघ्याचं नाही, जांघेतलं विचारा.

तर मग चांगली वाटी असेल तर सगळ्यांना अर्धाच का नको? कारण धातू आणि जिवंत कूर्चा एकमेकांवर घासतात. जी व्यक्ती घरातल्या घरात, वॉकर घेऊन, संडास ते कॉट एवढंच फिरते तिची वाटी आयुष्यभर टिकते. पण जी रोज चालते, शेतात जाते, तिची कूर्चा वर्षांगणिक झिजत जाते. माझ्याकडं एक निवृत्त शिक्षक आले होते, बासष्टाव्या वर्षी बायपोलर झालेलं, रोज पहाटे रंकाळ्याला चक्कर मारणारे. सहा वर्षं उत्तम गेली आणि मग जांघेत दुखायला लागलं, आधी चालून आल्यावर, मग बसून उठताना, मग रात्रीसुद्धा. एक्स-रेत वाटीतली फट पार संपलेली. शेवटी टोटल करावं लागलं, आणि दुसऱ्यांदा उघडलेल्या सांध्यात ते पहिल्यापेक्षा अवघड जातं, रक्तही जास्त जातं. त्यांना पहिल्यांदाच टोटल करायला हवं होतं असं मला वाटतं. ज्यांनी केलं त्यांना दोष देत नाही, त्या वेळी पेशंटचं वय बघून ठरवायची पद्धत होती, चालणं बघून नाही.

आता टोटलची दुसरी बाजू, आणि इथं मला जरा सविस्तर लिहायचंय कारण आपल्याकडं हेच कुणी बोलत नाही. टोटलमध्ये गोळा लहान, म्हणून तो वाटीतून निसटायची भीती जास्त. गुडघा छातीकडं आला, पाय आत वळला, आणि त्यात शरीर पुढं वाकलं, की निसटला. म्हणजे नेमकं आपण ज्या पद्धतीनं जगतो तेच. उकिडवं बसणं, भारतीय संडास, पाटावर जेवण, खाली बसून भाकरी थापणं, अंगण सारवणं.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. बहात्तर वर्षांच्या एका मावशींचं मी टोटल केलं, ऑपरेशन छान झालं, चौथ्या दिवशी वॉकरवर चालत घरी गेल्या, मी त्यांना सगळं सांगितलं, पाय दुमडू नका, खाली बसू नका, उशी दोन पायांत घेऊन झोपा. एकच विचारायचं राहिलं, घरी संडास कसला आहे. तिसऱ्या आठवड्यात रात्री त्या परसातल्या संडासात उकिडव्या बसल्या आणि गोळा निसटला. पहाटे टेम्पोत गादी टाकून आणलं त्यांना, पाय आखूड झालेला, आत वळलेला, आणि त्यांचा हात मी धरला तर त्या मलाच म्हणाल्या, डॉक्टर माझं चुकलं. चूक त्यांची नव्हती. भूल देऊन गोळा परत बसवला, पुढं निभावलं, पण तेव्हापासून माझ्या प्रत्येक खुब्याच्या पेशंटच्या केसपेपरवर पहिल्या पानावर मी स्वतःच्या हातानं लिहितो, घरी कमोड आहे की नाही.

तुम्ही लिहिलंय आई दोन म्हशींची धार स्वतः काढतात आणि सकाळ-संध्याकाळ दूध घालायला डेअरीपर्यंत चालत जातात. या एका वाक्यात मला दोन गोष्टी दिसल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. डेअरीपर्यंत काठीशिवाय रोज दोनदा चालणारी बाई म्हणजे टोटलचा फायदा जिला होईल अशीच. आणि धार काढणं म्हणजे उकिडवं बसून, बादली गुडघ्यांत धरून, पुढं वाकून, म्हणजे गोळा निसटायची अगदी पक्की रीत. तर टोटल केलं तर धार काढायची तशी पद्धत कायमची सोडावी लागेल. उंच स्टूल घेऊन, बादली बाजूला ठेवून, काहीजणी करतात, माझ्या दोन पेशंट करतात, पण म्हैस शांत पाहिजे आणि तेसुद्धा पहिले तीन महिने नाहीच. हे आईंना आत्ताच, ऑपरेशनच्या आधी सांगा, त्यांना विचारा. आपण सगळे बाहेर उभं राहून ठरवतो आणि जिचा पाय आहे तिला कुणी विचारत नाही.

आकड्यांचं बोलायचं तर या प्रश्नावर 'हेल्थ' नावाचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, दहा देशांतल्या ८० हॉस्पिटलांत, पन्नाशीच्या पुढचे जवळजवळ १,५०० पेशंट, सगळे पडायच्या आधी चालणारे. दोन वर्षांत परत ऑपरेशन लागलं ते टोटलमध्ये ७.९ टक्के आणि अर्ध्यात ८.३ टक्के, म्हणजे सारखंच. गोळा निसटणं किंवा अस्थिर होणं टोटलमध्ये ४.७ टक्के, अर्ध्यात २.४, म्हणजे दुपटीच्या आसपास. चालणं-दुखणं टोटलमध्ये थोडं बरं, पण थोडंच. मृत्यूंमध्ये ठळक फरक नाही. हे वाचून मामांना सांगा की टोटलनं माणूस दगावतं असं काही नाही, आणि भावाला सांगा की अर्ध्यानं आईवर अन्याय होतो असंही नाही. फक्त हे दोन वर्षांचं चित्र आहे. वाटीची झीज दिसायला त्याहून जास्त वर्षं लागतात, म्हणून जिच्यापुढं दहा-पंधरा चालती वर्षं आहेत तिच्यासाठी मी दोन वर्षांच्या आकड्यांवर थांबत नाही.

माझ्या ओपीडीत मी वय सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो पडायच्या आदल्या दिवशी काय काय केलं. कुणी सांगतं महाद्वार रोडला भाजी आणायला गेले होते, अंबाबाईचं दर्शन घेतलं, तर तिथं माझं मन टोटलकडं झुकतं, जरी वय पंचाहत्तर असलं तरी. कुणी सांगतं कॉटवरच असतात, धरून न्यावं लागतं, रात्री ओळखत नाहीत, तर अर्धा. विसरभोळेपणा फार वाढलेला असेल तर टोटल मी करतच नाही, कारण पाय दुमडू नका हे त्यांच्या लक्षात राहणार नाही आणि तो त्यांचा दोष नाही. पार्किन्सन असेल, लकव्यानं ती बाजू कमजोर असेल तरीही अर्धाच बरा. हृदय फार अशक्त असेल, तर छोटं ऑपरेशन बरं. माझ्या हातात अर्ध्याला तासभर लागतो, टोटलला अजून अर्धा-पाऊण तास, आणि अशक्त माणसाला तेवढा वेळ आणि तेवढं रक्त जड जातं. इंग्लंडातली मार्गदर्शक तत्त्वंही साधारण हेच म्हणतात, बाहेर एकट्यानं चालणारा, फार तर काठी घेणारा, आणि ऑपरेशन सोसणारा पेशंट असेल तर टोटलचा विचार करा.

या हिशोबानं तुमच्या आईंचा फिटनेस नीट आला, शुगर आटोक्यात आली, आणि घरी कमोड आणि उंच कॉट करायची तयारी असेल, तर मी टोटलकडं झुकेन. पण, आणि हा पण मोठा आहे, करणाऱ्या सर्जनचा टोटलचा हात रोजचा असेल तरच. फ्रॅक्चरमधलं टोटल हे झिजलेल्या खुब्याच्या टोटलपेक्षा निसटायला जास्त सोपं असतं कारण पडायच्या आधी सांधा मोकळा, सैल असतो. म्हणून त्यांना सरळ विचारा, वर्षाला किती करता, गोळा किती मापाचा घालणार, ड्युअल मोबिलिटी वाटी मिळू शकते का. ती वाटी बायपोलरसारखी गोळ्यात गोळा अशी असते आणि निसटायची भीती बरीच कमी करते, थोडी महाग आहे. या प्रश्नांवर चांगला सर्जन रागावत नाही. ते म्हणाले की मी बायपोलर जास्त करतो, माझा हात त्यात बसलेला आहे, तर त्यांचं ऐका. नीट बसवलेलं बायपोलर हे घाईनं बसवलेल्या टोटलपेक्षा कधीही चांगलं. आणि ज्यांनी नुसता मोबाईलवर फोटो बघितलाय त्यांच्यापेक्षा ज्यांनी आईंना हात लावून तपासलंय त्यांचं मत माझ्या लेखी जड आहे, माझंसुद्धा हे लांबून लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवा.

सिमेंटबद्दल पण विचारून घ्या. नाव ऐकून लोक घाबरतात, एका आजोबांनी मला विचारलं होतं घराचं का. ते दातांच्या कवळीला वापरतात त्या जातीचं अ‍ॅक्रिलिक असतं, सर्जन जॉन चार्नली यांनी इंग्लंडात १९६० च्या आसपास खुब्यात ते रुळवलं. पावडर आणि त्याचं द्रव रसायन कालवलं की उग्र वास सुटतो, आधी पातळ, मग कणकेसारखं होतं, त्या वेळी दांडीसाठी केलेल्या पोकळीत भरायचं आणि दहा-बारा मिनिटांत घट्ट. भरायच्या आधी मी भूलतज्ज्ञांना मोठ्यानं सांगतो, सिमेंट घालतोय, कारण त्या क्षणी काही पेशंटचं बीपी पडू शकतं आणि त्यांनी तयार राहायला हवं. तेवढा धोका धरूनही ठिसूळ हाडांत मी सिमेंटचीच दांडी पसंत करतो. २०२२ मध्ये अर्ध्या सांध्यांवर आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सिमेंट नसलेल्यांत दांडीभोवतीचं हाड परत मोडायचं प्रमाण २.१ टक्के होतं, सिमेंटवाल्यांत ०.५. आणि जुन्या पद्धतीचं ऑस्टिन मूर, ते एकसंध दांडी-गोळ्याचं आणि बिनसिमेंटचं, स्वस्त म्हणून कुणी सुचवलं तर चालत्या-फिरत्या आईसाठी नको म्हणा. मांडीत दुखणं राहतं पुष्कळांना.

पण या सगळ्यापेक्षा मला काळजी वेळेची वाटते. तुम्ही लिहिलंय परवा पडल्या. शक्य असेल तर २४ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हायला हवं असतं. अर्धा की पूर्ण यात जेवढं नुकसान-फायदा आहे त्यापेक्षा कॉटवर पडून राहण्यात नुकसान जास्त आहे, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात गुठळी होते, माणूस रात्री बडबडायला लागतं. पायाला वजन लावून दिवस ढकलण्यानं हाड जुळत नाही. उद्या दोन्ही डॉक्टरांचं ऐकून निर्णय घ्या आणि तिसऱ्याकडं फाईल घेऊन फिरू नका. गावाकडून कुणी हाडवैद्याचं नाव सुचवलं तर त्यांना हात जोडून नाही म्हणा, मानेचं फ्रॅक्चर पट्टीनं आणि तेलानं बसत नाही, उलट चोळण्यानं वाढतं. तोपर्यंत दुखणं कमी व्हायला जांघेत ब्लॉक देता येतो का विचारा, एक इंजेक्शन असतं, त्यानं आई शांत झोपतील आणि बेडपॅन घेताना ओरडणार नाहीत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना आत्ताच सांगा, नुसत्या इकोस्प्रिनसाठी, म्हणजे अ‍ॅस्पिरिनसाठी, सहसा थांबावं लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर आईंचं रेशनकार्ड आणि आधार आजच मागवून घ्या आणि हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना भेटा. जनआरोग्य योजनेत आणि आयुष्मानमध्ये यातलं काय बसतं, कुठल्या हॉस्पिटलात बसतं, ते तेच नक्की सांगतील. योजनेत अर्धा बसत असेल आणि टोटलसाठी म्हैस विकावी लागत असेल तर अर्धा करा, मनात किंतु ठेवू नका. त्याच पैशांत घरी कमोड, संडासात भिंतीला धरायला पाईप आणि गोठ्याला खडबडीत कोबा होईल, त्याचा उपयोग जास्त आहे.

एक शेवटचं, हे डिस्चार्जच्या गडबडीत राहूनच जातं. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ आहेत, आणि दुसरा खुबा अजून बाकी आहे. टाके काढायला जाल तेव्हा डी जीवनसत्त्व आणि किडनीची तपासणी करून घ्या आणि झोलेड्रोनिक अ‍ॅसिडबद्दल विचारा, वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. २००७ मधल्या एका अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत ते दिलेल्या पेशंटमध्ये नवीन फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी दिसले होते. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर समाधान मानू नका.

रिपोर्टवरची ती फ्रॅक्चरची ओळ, हिमोग्लोबिन, किडनीचं क्रिएटिनिन आणि हृदयाची इको झाली असेल तर तिचा निष्कर्ष इथं लिहा, नाव-नंबर काही टाकू नका. उद्या माझी ऑपरेशनं दुपारी दोनपर्यंत आहेत, त्यानंतर लगेच बघतो. आणि आईंना विचारलंत की त्या काय म्हणाल्या तेही लिहा.